पार्श्वभूमी : कारवी आणि नीलकुरिंजी

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर थेट २०२४ मध्ये कारवी बहरली. केरळमधल्या मुन्नारच्या डोंगरांवर २०१८ मध्ये फुललेली नीलकुरिंजी आता २०३० मध्ये दिसेल. ही दोन्ही झुडपं आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात.

कूळ अडुळशाचं, प्रजातीही (जीनस) एकच: स्ट्रोबिलँथिस. १९४४ मध्ये डच वनस्पतितज्ज्ञ ब्रेमेकाम्प यांनी या अवाढव्य प्रजातीची फोड केली, तेव्हा कारवीच्या वाट्याला 'कार्व्हिया' हे नाव आलं. आपलाच शब्द, लॅटिन वेषातला. ती वाटणी पुढे टिकली नाही. (साताऱ्याजवळच्या कास पठारावर उलट्या टोपलीसारखी दिसते ती टोपली कारवी, ती वेगळी.)

नीलकुरिंजी दक्षिणेतल्या उंच, उघड्या गवताळ माथ्यांवरची. झुडूप बहुधा कमरेच्या आतलं. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांच्या सावलीतही रान माजवते आणि माणसाच्या डोक्यावरून जाते. पान हाताला खरखरीत लागतं. तिच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांना बांधायच्या, वरून शेणामातीने लिंपायचं, की झाला घराचा कूड, म्हणजे भिंत. कोकणात आणि मावळात पिढ्यान्‌पिढ्या घरं अशीच उभी राहिली.

कुरिंजीचं नाव प्राचीन तमिळ संगम काव्यात डोंगराळ प्रदेशालाच मिळालं. मुतुवन आदिवासी तिच्या बहरांवरून वय मोजत. तिच्या गवताळ माथ्यांवर चहाचे मळे आले, निलगिरी आणि वॅटल या ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. २००६ मध्ये केरळने कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित', म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेली, अशी झाली.

कारवी मुबलक, म्हणून तिची काळजी कुणाला वाटत नाही. मला ती वाटते. तिची बोंडं बहरानंतरचा सगळा उन्हाळा वाळक्या झुडपावरच असतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी तडतडून फुटतात. नेमका त्याच उन्हाळ्यात वणवा लागला, तर आठ वर्षांची कमाई एका दुपारी जळते. बहर पाहायला गर्दी लोटते, पण वणव्यापासून जपायचे ते पुढचे महिने, तेव्हा डोंगरावर कुणी नसतं. २०२४ च्या बहरातून वाचलेल्या बियांची रोपं आता उतारांवर वाढत आहेत. त्यांची पाळी २०३२ मध्ये.