पुढच्या कन्सोलची चिप: आधी काय काय घडलं

नवा प्लेस्टेशन येईपर्यंत थांबायचं, की आत्ताच पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचं? मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने ऐकू येतो. उत्तर बऱ्याचदा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, विकणाऱ्यांकडे नसतं, चिप घडवणाऱ्यांच्या वेळापत्रकात असतं.

पूर्वी तसं नव्हतं. १९९४ चा पहिला प्लेस्टेशन त्याच्यासाठीच घडवलेल्या चिपांवर चालायचा. पीसीच्या कार्डांशी नातं घट्ट झालं ते मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या एक्सबॉक्सपासून. त्यात ग्राफिक्स चिप घडवणाऱ्या एनव्हिडियाच्या जीफोर्स ३ कार्डाच्या कुळातली चिप होती. मात्र चिपच्या भावावरून मायक्रोसॉफ्टचं एनव्हिडियाशी बिनसलं, प्रकरण लवादापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये मिटलं. पुढच्या वेळी मायक्रोसॉफ्टने एनव्हिडियाच्या स्पर्धक एटीआयकडून आराखड्याचा परवानाच घेतला, म्हणजे चिप हवी तिथे बनवून घेता येईल. आजच्या कन्सोलवर या भांडणाची छाप कुठल्याही तांत्रिक झेपेइतकीच खोल आहे, असं मला वाटतं.

त्या परवान्यातून आलेला एक्सबॉक्स ३६० (२००५) चक्क पीसीच्या पुढे होता. तोवर आकृत्यांचे कोपरे मांडणारे आणि पिक्सेल रंगवणारे विभाग चिपमध्ये वेगळे असत. एकावर ताण आला तरी दुसरा रिकामा बसे. एटीआयने दोन्ही कामं करणारे सामायिक विभाग दिले. पीसीवर ही रचना एनव्हिडियाच्या जीफोर्स ८८०० मधून ८ नोव्हेंबर २००६ ला आली. प्लेस्टेशन ३ जपानमध्ये विक्रीला आला ११ नोव्हेंबरला, आत जुन्या रचनेची एनव्हिडिया चिप घेऊन. तीन दिवसांत पिढी मागे!

त्याच वर्षी प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने एटीआय विकत घेतली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर देणं तिला जमू लागलं आणि २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन दोन्ही तिच्याकडे गेले. निन्टेन्डोने मात्र २०१७ च्या स्विचमध्ये एनव्हिडियाची आधीच बाजारात असलेली टेग्रा एक्स१ बसवली. जुनी चिप, पण खप प्रचंड.

२०१८ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांनी रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणं) आणि एआयच्या मदतीने चित्र मोठं करण्याचं तंत्र आणलं. २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये रे ट्रेसिंग आलं, तेही बेताचंच. एआयने चित्र मोठं करणं प्लेस्टेशनवर यायला २०२४ चा पीएस५ प्रो उजाडावा लागला.

दरम्यान किमतीचं गणितही फिरलं. पूर्वी चिप लहान होत जाई आणि कन्सोल स्वस्त. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला. नव्या कारखानी प्रक्रियांचा खर्च चढत असल्याने नुसते ट्रान्झिस्टर वाढवत नेणं आता परवडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन यांनी पुढच्या कन्सोलच्या चिपबद्दल जे मांडलं, ते या पार्श्वभूमीवर वाचावं. एआयची गणितं एकत्र मिळून करणारे विभाग, प्रकाशकिरणांचा माग काढणारे स्वतंत्र कोर आणि मेमरीवरचा भार हलका करणारं कॉम्प्रेशन, असे तीन भाग त्यात आहेत. तिन्ही तेव्हा सिम्युलेशनमध्येच, म्हणजे संगणकावरच्या नकली चाचणीतच होते, असं सर्नींनीच सांगितलं. कन्सोल काही वर्षांनी.