सुप्रा की आरएक्स-७ : घेण्याआधी काय मोजायचं?

टोयोटा सुप्रा (ए८० पिढी) आणि माझदा आरएक्स-७ (एफडी पिढी) या नव्वदच्या दशकातल्या दोन्ही गाड्यांच्या जपानी कागदपत्रांत शेवटी एकच आकडा सापडतो: २८० अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी आपसांत पाळलेली ती मर्यादा होती, त्यामुळे या आकड्यावर तुलना करण्यात अर्थ नाही. वजन पाहा. टर्बो सुप्रा दीड टनाच्या आसपास, आरएक्स-७ सुमारे तेराशे किलो. वळणांच्या रस्त्यावर आरएक्स-७ इतकी चपळ का वाटते, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं उत्तर इंजिनात आहे आणि धोकाही तिथेच आहे. आरएक्स-७ला पिस्टन नाहीत. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर फिरतात आणि त्यांच्या टोकांवरच्या जेमतेम २ मिमी जाडीच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, दाब अडवून धरतात. मोकळा एक्झॉस्ट बसवला की बूस्ट वाढतो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरणारा टर्बो इंजिनात जास्त दाबाने हवा कोंबतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नव्याने ट्यून केला नसेल तर पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटतं) आणि सील तुटतं. तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बोची पातीही खराब करतो. गाडी तापली तर वेगळंच दुखणं: ॲल्युमिनियमचे आणि बिडाचे भाग कमी-जास्त फुगतात, कूलंटची सीलं जातात आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना पांढरा धूर दिसतो.

म्हणून आरएक्स-७ घेताना किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नये, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते ते, मोजावं. इंजिन गरम हवं आणि टेस्टर रोटरीचाच हवा. साधा गेज प्रत्येक रोटरभोवतीच्या तीन कप्प्यांपैकी फक्त सर्वांत जास्त दाब दाखवतो. २५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) दोन्ही रोटरचे मिळून सहाही आकडे किमान ६ किलो प्रति चौरस सेंमी हवेत, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत दीडपेक्षा जास्त फरक नको. गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुरणारी गाडी सरळ सोडून द्यावी.

सुप्राचं सहा सिलिंडरचं २जेझेड इंजिन बिडाच्या ब्लॉकचं, सात मेन बेअरिंगचं. दुप्पट ताकदही ते सोसतं. जपानी आवृत्तीच्या टर्बोची टर्बाइन चाकं मात्र सिरॅमिकची आहेत आणि बूस्ट फार वाढवला की फुटतात. मग बहुतेकांनी दोन्ही टर्बो काढून एकच मोठा बसवला. इंजिनाच्या या मजबुतीमुळेच मूळ अवस्थेतली सुप्रा दुर्मिळ झाली. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ जुळे टर्बो, गेट्राग कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्स आणि न कापलेलं वायरिंग यांच्यासाठी.

दोन्ही गाड्यांत दोन टर्बो एकामागून एक जागे होतात. आरएक्स-७मध्ये ४,५०० आरपीएमच्या सुमारास बूस्ट पडून परत चढलाच नाही, तर टर्बो बदलायच्या आधी त्यांचं नियंत्रण करणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तपासा. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात.

अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आयातीसाठी सुरक्षा नियमांतून सूट मिळते. २००२ची अखेरची आरएक्स-७ ‘स्पिरिट आर’, जेमतेम १,५०० गाड्यांची, २०२७ मध्ये या अटीत बसेल. चांगल्या कॉम्प्रेशनची स्पिरिट आर हवी असेल तर त्याआधीच शोधलेली बरी.