बायकार्बोनेट : रक्त, समुद्र आणि विहीर (शालेय अध्यापन)

बायकार्बोनेट हा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून बनणारा ऋणभारित आयन. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्याप्रमाणे तोही शरीरातला इलेक्ट्रोलाइट (पाण्यात विरघळून वीज वाहणारा घटक) आहे. रक्ताचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. रक्तात तो लिटरमागे सुमारे २४ मिलिमोल (कणसंख्येचे एकक), समुद्रात जेमतेम २. विदर्भाला समुद्र नाही. पण काळ्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट बहुधा समुद्राहून जास्तच असते. शिकवायला हे सोयीचे, प्रयोगाला अडचणीचे.

पहिला प्रयोग थेंब मोजण्याचा. १ लिटर पाण्यात २ ग्रॅम खाण्याचा सोडा (अर्ध्या लहान चमच्याहून थोडा कमी) विरघळवला की रक्ताइतके बायकार्बोनेट होते. त्यातल्या १ भागात ११ भाग पाणी घातले की समुद्राइतके. दोन्हींचे ५० मिली घेऊन जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क टाकावा आणि एकाच लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडावा. निळसर-हिरवट रंग गुलाबी व्हायला पहिल्या पेल्यात सुमारे दहा-बारा पट थेंब लागतात. आंबटपणा लिंबागणिक बदलतो, म्हणून आकडा नव्हे, प्रमाण पाहावे. पाणी पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्डच हवे. बोअरचे घेतले तर ‘समुद्र’ही भरपूर थेंब पचवतो. हळदीचा कागद इथे कुचकामी, कारण आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळाच राहतो. धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालत नाही. तो कार्बोनेट असतो.

हगवणीत बायकार्बोनेट शौचावाटे जाते, रक्तातले आम्ल वाढते आणि श्वास जलद होतो. ओआरएसच्या (जुलाबात पाण्यातून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीच्या) जुन्या मिश्रणात २.५ ग्रॅम सोडा असे. दमट उष्णतेत पुडी तपकिरी पडायची, म्हणून त्याजागी २.९ ग्रॅम सायट्रेट आले. त्याचे शरीरात बायकार्बोनेट होते. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवावी. एका पेल्यात कालवली तर मीठ दाट होऊन जुलाब वाढू शकतात.

समुद्राचा धडा चुन्याच्या निवळीत आहे. चमचाभर खायचा चुना लिटरभर पाण्यात ढवळून, झाकून रात्रभर ठेवावा. वरची नितळ निवळी १ भाग आणि डिस्टिल्ड पाणी ३ भाग घ्यावे. बोअरचे पाणी घातले तर वायू सोडण्याआधीच ती दुधाळ होते. विहिरीतल्या बायकार्बोनेटचा तो पुरावाच. सोडा आणि व्हिनेगर बाटलीत एकत्र करून निघणारा वायू सलाइनच्या नळीने निवळीत सोडावा. आधी दुधाळपणा येतो, कार्बोनेटचा. सोडत राहिल्यास पाणी पुन्हा निवळते: कार्बोनेट, पाणी आणि वायू मिळून बायकार्बोनेट होते. समुद्रात जास्त वायू शिरला की शंख-प्रवाळांना लागणारे कार्बोनेट असेच घटते, बायकार्बोनेट मात्र वाढते. ‘समुद्र आम्ल झाला’ हे विद्यार्थ्यांचे वाक्य दुरुस्त करावे, सामू ८.२ वरून ८.१ कडे उतरला आहे, पाणी अजून अल्कधर्मीच आहे.

फुंकून निवळी दुधाळ होते, पण इतकी दाट निवळी पुन्हा नितळ होत नाही. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्केच असतो. शिवाय चुना तोंडात ओढला जाण्याची भीती. बाटलीतला फेस नळीत गेला तर आम्लानेच निवळी साफ होते आणि निकाल खोटा ठरतो. निवळलेले पाणी उकळले की पुन्हा गढूळ होते. बोअरचे पाणी तापवणाऱ्या घरच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर तोच.