अंगावरून वारं गेलं: गुठळी की रक्तस्राव?

निफाडला मामा सकाळी बागेतून येऊन चहा प्यायला बसले आणि डाव्या हातातली बशी निसटली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला, जीभ जड झाली. मामी धावत कपाटाकडे गेल्या आणि रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी घेऊन आल्या. शेजारच्या अण्णांना हार्ट ॲटॅक आला तेव्हा हीच दिली होती ना! मी गोळी काढून घेतली, पाण्याचा तांब्याही. गिळणं बिघडलेलं असलं तर घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं.

'वारं गेलं' असं आपण ज्याला म्हणतो, त्यात दोन उलटे आजार आहेत. बहुतेकांना होतो तो गुठळीचा झटका: मेंदूची धमनी बुजते. दुसऱ्यात धमनी फुटून रक्त मेंदूत पसरतं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दोन्हींत सारखंच. रक्तस्रावात डोकं भयंकर दुखणं आणि उलट्या जास्त दिसतात, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. गुठळीत मात्र सुरुवातीला स्कॅन नॉर्मलही येतो, म्हणून 'नॉर्मल आहे' ऐकून पेशंटला घरी आणू नका.

गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. हे साधारण 6 तासांपर्यंत, निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत. घड्याळ मात्र पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. झोपेतून उठल्यावर हात लुळा असेल, तर रात्री झोपल्यापासून. ही वेळ घरच्यांनीच डॉक्टरांना सांगायची असते.

रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. तिथे बीपी आवरतात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम उलटवतात, कधी ऑपरेशन करतात.

म्हणून आधी गावातल्या दवाखान्यात, मग नाशिकला, असं करू नका. 108 ला फोन लावा आणि रात्रंदिवस सीटी स्कॅन चालू असणारं हॉस्पिटलच गाठा. द्वारका चौकातल्या कोंडीत अडकल्यावर एकेक मिनिट कसं जातं ते मी त्या दिवशी पाहिलं.

स्कॅनमध्ये मामांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला पांढरा डाग होता.