मोबाईल आरोग्य कार्यक्रम : विस्तारासाठीचा पुरावा

आरोग्यविषयक संदेश, औषधांची आठवण, रुग्णनोंद किंवा सल्ला मोबाईल फोनवरून पोचवणारी व्यवस्था. असा कार्यक्रम वाढवण्याआधी कोणता पुरावा ग्राह्य धरावा, एवढाच प्रश्न येथे सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात घेतला आहे.

संकल्पनेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०५ च्या सुमारास हृदयालेख (ईसीजी) टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवर पाठवला. काही अभ्यासक तेथून इतिहास मांडतात. मात्र तो प्रयोग तारेला बांधलेला होता, आणि फिरत्या माणसासोबत फिरणे हा तर या सेवेचा गाभा. त्यामुळे ‘एम-हेल्थ’ (मोबाईल हेल्थ) ही संज्ञा संशोधक रॉबर्ट इस्तेपानियन व सहकाऱ्यांनी साधारण २००० ते २००३ या काळात रूढ केली, तेथून इतिहास धरावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

पुराव्याचे चित्र एकसारखे नाही. केनियात ५३८ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या चाचणीत (२०१०) आठवड्याला एक एसएमएस मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के, तर इतरांपैकी ५० टक्के रुग्णांनी औषधे नियमित घेतल्याचे सांगितले. बंगळूर, म्हैसूर व चेन्नई येथे ६३१ एचआयव्हीबाधितांवरील चाचणीत (२०१४) मात्र स्वयंचलित फोन व चित्रसंदेशांचा उपचाराच्या फलितावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. केनियात एसएमएसमध्ये केवळ ‘कसे आहात?’ असे विचारले जाई. ‘अडचण आहे’ असे उत्तर आले, किंवा उत्तरच आले नाही, तर दवाखान्यातून माणूस फोन करी. फरक बहुधा येथेच असावा.

प्रयोगांची गर्दी झाल्याने युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांना तात्पुरती स्थगिती दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिजिटल आरोग्यावरील २०१९ च्या मार्गदर्शिकेतही अनेक शिफारशी अटींसह आहेत.

भारतात ‘किलकारी’ ही सेवा २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत ती ७२ ध्वनिसंदेश देते. मध्य प्रदेशातील ५,०९५ महिलांवरील चाचणीत निव्वळ स्तनपानात (बाळाला फक्त आईचे दूध देण्यात) फरक आढळला नाही. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला. महाराष्ट्रात ‘किलकारी’ २०२४ मध्ये आली.

सोलापुरात मध्य प्रदेशचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शहराच्या पूर्व भागातील विणकर व विडी कामगार वस्तीत घरची बोली तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात मोठ्या प्रमाणावर कन्नड. फक्त मराठीतला ध्वनिसंदेश येथे किती कानांपर्यंत पोचतो, हे आधी मोजायला हवे. शिवाय फोन कोणाच्या हातात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. फोन घेऊन नवरा मागावर किंवा ऊसतोडीला गेला, तर बाळंतिणीसाठीचा संदेश त्याच्याच कानी पडतो.

काटेकोर पुरावा उभा करण्याची परंपरा मात्र जिल्ह्यात आहे, आणि तिचा अभिमान वाटावा. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गावांचे ५२ गट पाडून गर्भाशयमुख कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. १,३१,७४६ महिलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले : एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगास कारणीभूत विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. मोबाईल सेवेसाठीही असेच गावगट पाडता येतील. काही गटांत फक्त संदेश, काहींत संदेशासोबत आशाताईंची घरभेट, आणि तुलनेसाठी काही गटांत केवळ नेहमीची सेवा.