१९२९ च्या आबा बंडाआधीचा इग्बो समाज

१९२९ च्या शेवटी नायजेरियाच्या आग्नेय भागात हजारो बायकांनी इंग्रज सरकारला हैराण केलं. सरकारी कागदात ती 'आबा दंगल', बायका मात्र त्याला सरळ युद्ध म्हणायच्या. टॅक्समुळे भडका उडाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरंय, पण अर्धंच.

या भागात मुख्यतः इग्बो लोक राहतात, आणि मुळात बहुतेक इग्बो गावांना राजाच नव्हता. ओनित्शा, न्री वगैरे ठिकाणी गादी होती, बाकीकडे कारभार चालायचा तो उमुन्नाच्या म्हणजे एकाच मूळपुरुषाच्या भाऊबंदांच्या बैठकीत. ज्येष्ठाकडे ओफो नावाचा पवित्र दंडुका असायचा, मान असायचा, पण एकट्याने हुकूम सोडायची सोय नाही, बोलायचं असेल तो उठून बोलणार आणि एकमत होईस्तोवर गुऱ्हाळ चालूच. यामची (सुरणासारखा कंद) शेती करून चार पैसे गाठीला आले की खर्च करून ओझो नावाचा मानाचा किताब घ्यायचा, तोही मुलाला वारशात मिळत नसे.

बायकांचं तर आणखी भारी. उमुआडा म्हणजे माहेरवाशिणी, लग्न होऊन परगावी गेल्या तरी माहेरच्या भांडणात आणि मयतीत त्यांचा शब्द चालायचा. गावात आलेल्या सुनांची वेगळी बैठक, आणि बाजार बऱ्यापैकी बायकांच्याच हातात. कुणी बायकोला मारलं किंवा बाजाराचे नियम मोडले तर सगळ्याजणी त्याच्या दारात जमून टवाळीची गाणी म्हणणार, मुसळांनी भिंती बडवणार, कधी घराचं छप्परसुद्धा उतरवणार, तो माफी मागेपर्यंत हलायचं नाव नाही! गडीमाणसं सहसा मधे पडत नसत.

इंग्रजांना हे काही झेपलं नाही. उत्तरेत अमीरांकडून म्हणजे तिथल्या मुसलमान राजांकडून राज्य चालवून घेता येत होतं, इथे अमीर आणायचा कुठून? मग वाटेल त्या माणसाला कागद देऊन वॉरंट चीफ करून टाकलं, त्यातले बरेचसे लाच खाणारे. बायकांच्या बैठकी तर साहेबाच्या हिशोबातच नव्हत्या. १९२८ मध्ये पुरुषांकडून टॅक्स वसूल झाला, पुढच्या वर्षी पाम तेलाचे भाव पडले, आणि त्यात ओलोको गावात वॉरंट चीफ ओकुगोचा माणूस घरोघर माणसं-शेळ्या मोजत फिरायला लागला. आता बायकांवरही टॅक्स बसणार असं वाटायला लागलं. न्वान्येरुवा नावाची तिथलीच एक बाई तेव्हा तेल काढत होती. मोजणी म्हणताच तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं का? झटापट झाली, ती थेट बायकांच्या बैठकीत गेली, तिथून गावोगाव ताडाची पानं निरोप म्हणून निघाली.

पुढे तेच जुनं हत्यार, फक्त दार ओकुगोचं. त्याची चीफची टोपी गेली, २ वर्षांची शिक्षाही झाली. पण तोवर लोण बरंच पसरलं होतं, सरकारी कोर्टं जाळली गेली, डिसेंबरमध्ये ओपोबोसारख्या ठिकाणी सैनिकांनी गोळ्या घातल्या, ५० हून जास्त बायका मेल्या. त्यानंतर कुठे सरकारने इग्बो समाज चालतो कसा याचा अभ्यास करायला माणसं पाठवली, आणि १९३० च्या दशकात वॉरंट चीफ मोडीत काढून एकाऐवजी अनेक पंच बसतील अशी कोर्टं आणली.