लस झाली, रिपोर्ट आला, तरी कुत्रं तीन महिने घरीच का? : पार्श्वभूमी

कातडीखालची ओळखीची चिप, रेबीजची लस, पिंजरा, कार्गो बुकिंग हे सगळं ज्यांना भारतातून कुत्रं परदेशात न्यायचंय त्यांना पाठ असतं, त्यात जात नाही. ब्रिटनला निघालेले लोक एकाच गोष्टीवर चिडतात, की लस झाली, रक्ताचा रिपोर्ट छान आला, कुत्रं ठणठणीत आहे, मग अजून तीन महिने कसली वाट बघायची? याचं उत्तर फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं, ते जुन्या भानगडीत आहे.

ब्रिटनने १९०२ मध्ये रेबीज संपवला, पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो १९१८ मध्ये परत आला आणि १९२२ पर्यंत पुन्हा हाकलला गेला. तो परत येऊ नये म्हणून नियम असा, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना सहा महिने केनेलमध्ये, म्हणजे प्राणी ठेवायच्या बंदिस्त जागेत, कोंडायचं, खर्च मालकाचा. सहाच महिने का, तर कुत्रं आधीच चावलं गेलेलं असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यात लक्षणं दिसतात. बहुतेक वेळा! १९६९ मध्ये जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीला घरी गेला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला. आता यावरून कोणी म्हणेल नुसतं कोंडून भागत नाही, लसीचं बघा, पण तिथे उलटंच झालं, भीती वाढली आणि कोंडणं अजून तीसेक वर्षं चाललं. बेट असल्याचा अभिमान म्हणा हवं तर.

२८ फेब्रुवारी २००० ला ही कोंडायची पद्धत बदलली आणि यावर तिकडे बराच वाद झाला. चिप, लस, रक्ततपासणी केली की केनेल माफ, पण आधी पश्चिम युरोपातल्या देशांपुरतं, मग काही रेबीजमुक्त बेटं, २००२ च्या शेवटी अमेरिका-कॅनडा. आणि इथे एक बारीक मेख होती जी बातम्यांमध्ये कोणी फार सांगितली नाही, रक्त घेतल्यापासून सहा महिने थांबायचंच होतं, फक्त आता केनेलऐवजी स्वतःच्या घरी. म्हणजे क्वारंटाइन गेलं नाही, त्याचा पत्ता बदलला. भारत तर त्या यादीतच नव्हता, त्यामुळे २०११ संपेपर्यंत पुण्यामुंबईहून गेलेलं कुत्रं तिकडे सहा महिने गजाआडच. १ जानेवारी २०१२ ला ब्रिटनने युरोपचे नियम घेतले तेव्हा कुठे आपली सुटका झाली, आणि ती बारा वर्षं उशिरा झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हापासून हिशोब असा. आधी चिप, मग (किंवा त्याच दिवशी) लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, ते मान्यताप्राप्त लॅबमध्ये, टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण) ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त, आणि मग तीन महिने. सगळा घोळ या 'तीन महिने'वर होतो. ते लसीपासून नाही, रिपोर्टच्या तारखेपासूनही नाही, रक्त काढलं त्या दिवसापासून मोजतात. टायटर फक्त एवढंच सांगतं की लस लागू पडली. लसीच्या आधीच कुठे चावा बसला असेल आणि विषाणू आत मुक्काम करून असेल तर रिपोर्ट चांगला येऊनही कुत्रं पुढे पिसाळू शकतं, म्हणून हे थांबणं. थोडक्यात जुन्या सहा महिन्यांतले उरलेले तीन.

आमच्याकडे काय झालं, लसीच्या पुस्तिकेत स्टिकर ४ तारखेचा आणि चिपचा स्टिकर ११ चा. डॉक्टर म्हणाले काही फरक पडत नाही. पडतो, चिपच्या आधीची लस हिशोबात धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? परत लस, परत ३० दिवस, परत सगळं.

'क्वारंटाइन' या शब्दानेही आपल्याकडे गोंधळ होतो. निघताना ज्या सरकारी ऑफिसातून एनओसी घ्यायची त्याच्या नावातच हा शब्द आहे, त्यामुळे आमच्या मावशीने पहिलं विचारलं, "अगं, तिथे डांबून ठेवणार का त्याला?" नाही, डॉक्टर कुत्रं आणि कागद तपासतात आणि पत्र देतात. पेट पासपोर्टचंही तसंच, तो युरोपातला कागद आहे, भारतात मिळत नाही आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये काढलेलाही युरोपात चालत नाही.

अमेरिकेची गाडी उलट्या दिशेने गेली. आधी तिकडे लसीच्या सर्टिफिकेटवर भागायचं, मग कोविडच्या काळात खोटी सर्टिफिकेटं फार सापडायला लागली आणि १४ जुलै २०२१ पासून ११३ देशांतली कुत्री जवळपास बंद, त्यात भारत. १ ऑगस्ट २०२४ पासून दार उघडलं, पण कुत्रं किमान सहा महिन्यांचं, भारतात लस झालेली असेल तर ठरावीक विमानतळच, आणि टायटर नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन. मांजरांना यातलं काहीच नाही, त्यांची मजा आहे. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट नेताच येत नाही, मध्ये मान्यताप्राप्त तिसरा देश लागतो.

ब्रिटनचं टायटर मात्र एकदा पास झालं की जन्मभर चालतं, बूस्टरची तारीख चुकली नाही तर. आमचा बूस्टर गणपतीत येतो, दीड दिवसाच्या विसर्जनादिवशीच.